एनबीए फ्री एजन्सी: कोणता स्टार कुठल्या संघात जाणार, हे आधी कसं ओळखतात?

३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ६ वाजले की एनबीएचा फ्री एजन्सीचा बाजार उघडतो. भारतात तेव्हा १ जुलैचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पुढच्या काही मिनिटांतच कोट्यवधी डॉलर्सचे करार 'ठरल्या'च्या बातम्या धडकू लागतात.

एवढ्या मोठ्या करारांची बोलणी काही मिनिटांत होत नाहीत, हे उघड आहे. बरंच काही आधीच शिजलेलं असतं. म्हणूनच कोण कुठे जाणार, याचा अंदाज बांधण्याला अर्थ आहे.

फ्री एजंट म्हणजे कोण?

ज्याचा करार संपला, तो खेळाडू फ्री एजंट. आयपीएलच्या लिलावात सगळ्यात मोठी बोली लावणारा संघ खेळाडूला घेऊन जातो, 'मला चेन्नईलाच जायचंय' असं खेळाडूला म्हणता येत नाही. एनबीएत उलट आहे. इथे संघ ऑफर देतात आणि निवड खेळाडू करतो.

याला एक अपवाद आहे, 'रिस्ट्रिक्टेड' फ्री एजंट. हे बहुतेक तरुण खेळाडू असतात. त्यांना दुसऱ्या संघाने दिलेली ऑफर जुना संघ तेवढ्याच रकमेत स्वतः देऊन त्यांना अडवू शकतो. त्यामुळे त्यांच्याबाबतचा अंदाज बहुतेक वेळा 'आहे तिथेच राहील' असाच असतो.

आधी पैशांचं गणित

अफवा वाचण्याआधी हिशेबाचा कागद बघावा. एनबीएत प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर्स होती. बाहेरच्या स्टारला पूर्ण पगार देऊन थेट करारबद्ध करायचं, तर या मर्यादेखाली तेवढी जागा हवी. अशी जागा दर उन्हाळ्यात ३० पैकी मोजक्याच संघांकडे असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त नावं इथेच गळतात.

जुन्या संघाला मात्र सवलत आहे. 'बर्ड राइट्स' नावाच्या नियमामुळे (हे नाव बोस्टनच्या लॅरी बर्डवरून पडलं) आपल्याच खेळाडूला ठेवण्यासाठी संघ मर्यादा ओलांडू शकतो. शिवाय जुना संघ ५ वर्षांचा करार आणि ८ टक्के वार्षिक वाढ देऊ शकतो. नव्या संघाला ४ वर्षं आणि ५ टक्क्यांवर थांबावं लागतं.

हा फरक किती मोठा आहे? १० वर्षं खेळलेल्या स्टारला पहिल्या वर्षी कॅपच्या कमाल ३५ टक्के पगार मिळू शकतो, म्हणजे सुमारे ५.४१ कोटी डॉलर्स. त्या हिशेबाने जुन्या संघात एकूण ३१.४ कोटी, तर नव्या संघात २३.३ कोटी. तिशी ओलांडलेल्या, दुखापतींनी बेजार खेळाडूसाठी ते पाचवं वर्ष म्हणजे मोठा आधार असतो. कराचाही मुद्दा येतो. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात तो देशात सगळ्यात जास्त आहे.

२०२४ मध्ये पॉल जॉर्जचं कोडं असंच सुटलं. क्लिपर्सशी त्याचं कराराच्या अटींवर जमेना. फिलाडेल्फियाने मात्र मुद्दाम जागा मोकळी ठेवली होती. तो ४ वर्षं, २१.२ कोटी डॉलर्सवर तिकडे गेला, आणि फारसं कोणी चकित झालं नाही.

मग माणसं

गणितातून दोन-तीन संघ उरले की नाती बघायची. याबाबत माझं आवडतं उदाहरण जेलन ब्रन्सनचं आहे. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्क निक्सने त्याचे वडील रिक ब्रन्सन यांना सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं. निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ पूर्वी खेळाडूंचे एजंट होते आणि रिक त्यांचे जुने क्लायंट. त्याच महिन्यात निक्सने आपले महागडे खेळाडू दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालून जागा मोकळी केली. यापुढे कुठल्या सूत्राची गरज होती? जेलन डॅलस सोडून १०.४ कोटी डॉलर्सवर न्यूयॉर्कला आला. मुदतीआधीच बोलणी केल्याबद्दल लीगने निक्सचा २०२५ चा दुसऱ्या फेरीतला ड्राफ्ट पिक काढून घेतला. निक्सला हा सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा.

आणि तरीही अंदाज चुकतात

२०१९ चा उन्हाळा आठवा. त्याच निक्सने फेब्रुवारीच्या आधी आपला तरुण स्टार क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस डॅलसला देऊन दोन मोठ्या करारांची जागा तयार केली होती. केव्हिन ड्युरंट येणार, असा बोलबाला होता. ३० जूनला ड्युरंट न्यूयॉर्कलाच आला, पण शेजारच्या ब्रुकलिन नेट्समध्ये, कायरी अर्विंगला सोबत घेऊन.

त्याच आठवड्यात टोरंटोला पहिलं विजेतेपद मिळवून देणाऱ्या कवाय लेनर्डवर सगळ्यांच्या नजरा होत्या. टोरंटो, लेकर्स की क्लिपर्स? टोरंटोतल्या एका वृत्तवाहिनीने तर हेलिकॉप्टरमधून गाड्यांचा पाठलाग करून थेट प्रक्षेपण केलं. लेकर्स पैसे राखून वाट बघत बसले आणि तोवर बाजारातले चांगले खेळाडू एकेक करून संपत गेले.

६ जुलैच्या पहाटे बातमी आली: कवाय क्लिपर्सकडे, आणि सोबत ओक्लाहोमा सिटीचा पॉल जॉर्जही. जॉर्ज फ्री एजंट नव्हताच, त्याने वर्षभरापूर्वीच नवा करार केला होता. त्यामुळे कोणाच्याच यादीत ही शक्यता नव्हती. त्याच्या बदल्यात ओक्लाहोमाला पहिल्या फेरीतले पाच पिक्स आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक तरुण मिळाला. हाच शे २०२५ मध्ये लीगचा एमव्हीपी झाला आणि त्याच वर्षी ओक्लाहोमा विजेता ठरला. एका खेळाडूच्या निवडीचे धागे असे दूरवर जातात.

'सूत्रांची माहिती' कशी वाचायची?

बातमी कोणाच्या फायद्याची आहे, हे आधी विचारा. 'अमुक संघ उत्सुक आहे' ही बातमी अनेकदा एजंटकडून येते, कारण दुसरा ग्राहक दिसला की भाव वाढतो. तोंडी शब्दही पक्का नसतो. २०१५ मध्ये डीआंड्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला होता. सह्यांचा दिवस उजाडण्याआधी क्लिपर्सची मंडळी त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसली आणि त्याने शब्द फिरवला. आज करारांवर सह्या साधारणपणे ६ जुलैपासून होतात. मधले दिवस धोक्याचे.

यात सट्ट्याचा पैसाही आला आहे. २०२३ च्या ड्राफ्टआधी एका आघाडीच्या पत्रकाराच्या ट्विटने दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीवरचे सट्ट्याचे भाव पालटले. त्या पत्रकाराचा एका सट्टेबाजी कंपनीशी करार होता. प्रत्यक्षात निवड दुसऱ्याच खेळाडूची झाली.

आता स्टार बाजारात येतातच किती?

पूर्वीपेक्षा कमी. २०२३ च्या कामगार करारानंतर मुदत संपण्याआधीच मोठी वाढ देऊन करार लांबवणं सोपं झालं आहे. लुका डॉन्चिचने ऑगस्ट २०२५ मध्ये लेकर्ससोबत तेच केलं. त्यामुळे अनुभवी निरीक्षक आता ३० जूनची वाट बघत नाहीत. करार लांबवायची मुभा असताना कोणी सही केली नाही, ते नाव आधी टिपून ठेवतात.