विश्वचषकाच्या रात्री आणि देशोदेशीची बिअर : कशासोबत काय, आणि किती

मंडळाच्या पानावर गणपतीची वर्गणी, कोजागिरी आणि दिवाळी पहाट यांच्या शेजारी बिअरवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्याव्यात. गेल्या विश्वचषकाच्या वेळी मंडळातल्या निदान चार-पाच गच्च्यांवर पडदे लागले होते. पडद्यासमोर काय होते हे वहिनींनाही ठाऊक आहे आणि मुलांनाही. जे उघड चालते त्याची माहिती तरी नीट असावी, म्हणून आम्ही हे टिपण तयार केले. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावी असे यात कोठेही सुचवलेले नाही. त्यांच्यासाठीही पुढे मजकूर आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

यंदाची स्पर्धा ११ जून ते १९ जुलै २०२६ या काळात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत आहे. प्रथमच ४८ संघ आणि १०४ सामने. तिकडची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. काही सामने रात्री साडेनऊच्या सुमारास, पुष्कळसे मध्यरात्रीनंतर आणि काही थेट सकाळी. सकाळच्या सामन्याला बिअर नव्हे, पोहे-जिलेबी आणि चहा. या मुद्द्यावर आम्ही चर्चा करणार नाही.

उद्घाटनाचा सामना मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर, मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. १९७० आणि १९८६ नंतर तिसऱ्यांदा विश्वचषकाचा पहिला सामना याच मैदानावर होतो आहे. ही जोडी आपल्या विषयाला फार चांगली आहे, कारण एकीकडे मका आणि दुसरीकडे ज्वारी. दक्षिण आफ्रिकेत मका आणि मोड आणलेली ज्वारी आंबवून उमकोंबोथी नावाची घरगुती बिअर करतात. गढूळ, किंचित आंबट, दाटसर. ज्यांनी लहानपणी आजोळी ज्वारीची आंबील प्यायली असेल त्यांना तिची कल्पना लगेच येईल. ती बाटलीतून इथवर येत नाही, पण त्या रात्री ताक घालून केलेली आंबील थंड करून ठेवली तर दक्षिण आफ्रिकेचा मान राखला जाईल आणि ती घरातल्या सगळ्यांना चालेल. मेक्सिकोची बिअर हलकी लागर असते. तिकडे तीत लिंबू पिळतात, आणि मिचेलादा या प्रकारात लिंबू, मीठ व तिखट चटणीही घालतात. तिच्यासोबत भाजलेला भुट्टा किंवा इंदुरी पद्धतीचा भुट्ट्याचा कीस. लिंबू-मीठ-तिखट आपण भुट्ट्याला लावतो, ते लोक पेल्याच्या काठाला लावतात, एवढाच फरक.

आता थोडी पायाभूत माहिती. बिअर म्हणजे पाणी, मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण ते काय असते हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. यीस्ट वर राहून, थोड्या उबेत काम करते ती एल; खाली बसून थंडीत सावकाश काम करते ती लागर. आपल्याकडे दुकानात मिळते ती जवळजवळ सगळी लागर. बाटलीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असल्यामुळे पाण्याचा गुण मोठा. चेक देशातल्या पिल्झेन गावचे पाणी अत्यंत मृदू, म्हणून १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने तेथे केलेली सोनेरी, स्वच्छ बिअर जगभर पिल्सनर म्हणून गाजली. इंग्लंडमधल्या बर्टन गावचे पाणी जिप्समयुक्त, कठीण. तेथे कडू पेल एल उत्तम साधली. ज्या शहराने चारशे वर्षांपूर्वी सातपुड्याचे पाणी भुयारांतून कुंडी भंडाऱ्यात आणले, तिथल्या माणसाला पाण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पिल्सनर किंवा साधी लागर तळणाबरोबर जाते. हॉप्सचा कडवटपणा आणि फेसातला वायू जिभेवरचे तेल धुऊन काढतात. भजी, पातोडी, शेव, आपल्याकडचे केळ्याचे वेफर्स, सगळे चालेल. जपानच्या सामन्याला तांदूळ वापरून केलेली हलकी, कोरडी लागर असते. तिच्यासोबत भाजके शेंगदाणे आणि चुरमुरे पुरे. ब्राझील आणि अर्जेंटिना दोन्हीकडे अशाच हलक्या, बर्फासारख्या गार लागर चालतात. दक्षिण अमेरिकेत ही विद्या मुख्यतः जर्मन स्थलांतरितांनी नेली. त्यामुळे मैदानात कितीही वैर असले तरी पेल्यात दोघांत फारसा फरक नाही. कोल्हापूरच्या पेठांतून निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या झेंड्यांखाली एकमेकांशी न बोलणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगू नये.

जर्मनीच्या सामन्याबद्दल मात्र बुऱ्हाणपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. बव्हेरियाची गव्हाची बिअर, जिला ते हेफेवायझेन म्हणतात, तिला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे घातलेले नसते. त्या जातीचे यीस्ट आंबवताना आयसोअमिल अॅसिटेट नावाचे द्रव्य तयार करते, आणि पिकल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटकही तोच. आमच्यातल्या एका केळी-बागायतदार मित्राने पहिला घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि विचारले, "हा माल आपल्याकडचा काय?" हिच्यासोबत कच्च्या केळ्याची भजी किंवा कमी तिखट पनीर. गव्हाची असल्यामुळे ती गढूळ दिसते. बाटली खराब निघाली समजून ओतून देऊ नये.

बेल्जियमच्या पांढऱ्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते. ही रीत जवळपास संपली होती. हुगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. धणे म्हटल्यावर आपले काम सोपे झाले: खमण, ढोकळा, कोथिंबीर वडी. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची युनेस्कोने २०१६ मध्ये वारसा म्हणून नोंद केली आहे. तिथल्या गडद, मठांतल्या पद्धतीच्या बिअर मात्र आठ-नऊ टक्क्यांच्या असतात. त्यांचा खरपूस गोडवा आपल्या मावा जिलेबीशी इतका जुळतो की आम्ही चकित झालो. पण एक लहान पेला चौघांत वाटून, एवढीच तिची मर्यादा ठेवावी.

इंग्लंडच्या सामन्याला लोक हौसेने इंडिया पेल एल मागवतात, नावात आपला देश आहे म्हणून. हॉप्समुळे बिअर टिकते, त्यामुळे भरपूर हॉप्स घातलेली पेल एल लंडन आणि बर्टनहून जहाजाने हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी येई, हे खरे. पण तिखटाबरोबर ती घेऊ नये. कडवटपणाने मिरचीचा जाळ वाढतो. खानदेशी शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याची आमटी असेल तर गव्हाची किंवा साधी लागर बरी. भरीत-पुरीलाही हाच नियम. हा धडा आम्ही स्वतः घाम पुसत शिकलो आहोत.

आयर्लंडच्या काळ्या स्टाउटबद्दल एक बँकवाल्याची टीप. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिनची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली. आयुष्यभर आम्ही भाडेपट्ट्यांची कागदपत्रे तपासली, पण असा पट्टा समोर आला असता तर शाखाधिकाऱ्यांकडे धावत गेलो असतो. तिच्या कॉफीसारख्या चवीबरोबर बुऱ्हाणपुरी दराबा खाऊन पाहावा.

यातल्या निम्म्या बाटल्या आपल्या गावात मिळणार नाहीत. इंदूरला बऱ्याच मिळतात. रावेर-सावद्याकडे लग्नाला गेलो की येताना गाडीत दोन बाटल्या टाकायच्या, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो करू नये. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातली दारू आणणे हा आपल्याकडे आबकारी कायद्याखाली गुन्हा आहे. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालील कोणालाही ती विकता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि आपल्या तापीचे उगमस्थान मुलताई यांसह १९ ठिकाणी दारूविक्री पूर्ण बंद आहे. बाटली उन्हात ठेवू नये. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश गेला की हॉप्सला उग्र वास येतो. जूनमधली आपली गच्ची संध्याकाळी सातलाही तापलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. "बिअरच तर आहे" हे वाक्य आम्ही फार ऐकले. ६५० मिलीची पाच टक्क्यांची बाटली म्हणजे ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल. आठ टक्क्यांची स्ट्राँग, जिचा आपल्या देशात सर्वांत जास्त खप आहे, म्हणजे ५२ मिली. व्हिस्कीचा ३० मिलीचा लहान पेग ४२.८ टक्क्यांनी धरला तर त्यात १२.८४ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली चार पेगांहून किंचित जास्तच. हे गणित कागदावर मांडून दाखवले तेव्हा आमच्या कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. त्या बाटलीनंतर ती सहज ओलांडली जाते. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असणाऱ्यांची साखर रात्रीत धोकादायक खाली जाऊ शकते, विशेषतः पोट रिकामे असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही.

कतारला २०२२ मध्ये स्पर्धा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद केली गेली. प्रायोजक बिअर कंपनी होती, तरीही. मोठा गहजब झाला. पण १८ डिसेंबरचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना, ३-३ आणि मग पेनल्टींवर ४-२, पाहणाऱ्या कोणालाही कशाची उणीव भासली असे आम्हाला वाटत नाही.

त्या रात्री आमच्या गच्चीवर एक खुर्ची रिकामी होती. आमचा एक जुना सहकारी, तीस वर्षे शेजारच्या काउंटरवर बसलेला, यकृताच्या आजारानंतर पूर्ण सोडून बसला होता. आम्ही त्याला बोलावले होते. तो "येतो" म्हणाला आणि आला नाही. नंतर वहिनींकडून कळले की तो कपडे करून तयार बसला होता. टेबलावर फक्त बाटल्याच असणार, आपल्याला पाणी धरून बसावे लागणार आणि कोणीतरी "एकाने काय होते" म्हणणार, म्हणून तो घरीच राहिला. मेस्सीचा गोल त्याने एकट्याने पाहिला. सामना संपल्यावर आम्ही त्याला फोनही केला नव्हता.

म्हणून यंदा आमच्याकडची मांडणी बदलली आहे. टेबलावर पहिल्यांदा मोठ्या घागरीत कैरीचे पन्हे, आल्या-लिंबाचा सोडा आणि आंबील. त्यांचे पेलेही तेच, काचेचे. बाटल्या आत, शीतपेटीत. ज्याला हवी त्याने उठून घ्यावी, आग्रह नाही. शून्य टक्के अल्कोहोलची बिअर आता मिळते, पण सोडलेल्या माणसाला ती विचारल्याशिवाय पुढे करू नये. चवीने जुनी आठवण जागी होते असे डॉक्टर सांगतात. सामन्यानंतर गाडी न घेणारा एक जण आधीच ठरवावा आणि त्याचे नाव फळ्यावर लिहावे. पहिल्या सामन्यासाठी ते नाव आमच्या त्याच मित्राने स्वतःहून दिले आहे. आंबील तोच करून आणणार आहे.