एका ‘जर’ची किंमत

तर मंडळी, आजचा इतिहास कोर्टातला आहे.

साठच्या दशकात प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट नेते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. खटला नाही, शिक्षा नाही, भारत संरक्षण नियमांखाली नुसतं आत ठेवलेलं. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच एक मराठी पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. विषय निव्वळ विज्ञान. पण हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायचं म्हटल्यावर सरकार नाही म्हणालं. मुंबई हायकोर्टात संझगिरी जिंकले. मग राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

माझी मामेबहीण ठाण्याला लॉ करतेय. तिला अशा निकालांचे ‘ब्रीफ’ काढायचे असतात : घटना, प्रश्न, निर्णय, कारणं. चार कप्पे, एक पान. सोपं वाटतं ना? पण गाडी दुसऱ्या कप्प्यातच अडते.

“दादा, प्रश्न हाच ना, की स्थानबद्धाला पुस्तक छापायचा हक्क नियमांनी दिलाय का?”

“अगं, हा तर सरकारचा प्रश्न झाला!”

सरकार म्हणत होतं, स्थानबद्धांना काय काय करता येईल याची यादी १९५१ च्या नियमांत आहे, त्यात छपाई नाही, सबब हक्क नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये न्या. सुब्बाराव यांनी प्रश्नच फिरवला. हे नियम हक्क देत नाहीत, असलेल्या हक्कांवर बंधनं घालतात. मग छपाईला बंदी घालणारा नियम कुठाय? नव्हताच. सरकारचं अपील फेटाळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट ‘डिनाय’ नाही, ‘अलाउ’ आहे.

पण त्याआधी एक अडथळा होता. आणीबाणीतल्या १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी कोर्टात जाणंच स्थगित केलं होतं. मात्र त्यात एक अट होती : ‘जर’ हक्क भारत संरक्षण कायद्याखाली काढून घेतला असेल तर. इथे तर कायदा सोडूनच अडवणूक झाली होती. म्हणजे इफ कंडिशन फॉल्स, दार उघडं!

आता खरी गोष्ट. जून १९७५ च्या आदेशात तो ‘जर’ नव्हता. एप्रिल १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी नेमका हाच फरक धरला आणि स्थानबद्धांना दाद मागताच येणार नाही असं ठरवलं. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकट्या न्या. खन्नांनी विरोधात लिहिलं. आदेशाचे शब्द पाचही जणांपुढे तेच होते. खन्नांचा प्रश्न मात्र वेगळा होता : कलम २१ बाजूला ठेवलं तरी कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला माणसाला आत टाकता येतं का? तो निकाल रद्द व्हायला २०१७ उजाडलं, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते.

म्हणून मला वाटतं, ब्रीफ शिकवताना निर्णय पाठ करून घेण्याआधी एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी लिहायला लावावा. कोणत्या प्रश्नात कोणाचा फायदा दडलाय हे पोरांना तिथेच दिसतं. आणि हे फक्त वकिलांनीच का शिकावं? उद्या सोसायटीची नोटीस आली तरी हेच विचारायचंय.

संझगिरींचा निकाल नेटवर फुकट मिळतो आणि छोटासाच आहे. डोंबिवली ते सीएसएमटी फास्टमध्ये आरामात वाचून होतो. अर्थात, बसायला मिळालं तर!