देवलांची उमेदवारी

नाटक लिहिण्याची विद्या शिकून येते काय? कवि हा जन्मावा लागतो, या समजुतीचा आधार घेऊन पुष्कळजण या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी देतात. परंतु गोविंद बल्लाळ देवल यांचें चरित्र या मताच्या आड येतें. त्यांच्या सात नाटकांपैकीं सहा नाटकें दुसऱ्यांच्या कृतींवरून रचलेलीं आहेत. 'शारदा' हें एकच काय तें सर्वस्वीं त्यांचें स्वतःचें. तें एक नाटक लिहिण्यापूर्वी त्यांनीं केवढी उमेदवारी केली हें पाहिलें, म्हणजे नाट्यलेखनाचे मूळ धडे कोठें मिळतात याचा उलगडा होतो.

देवलांच्या पूर्वी मराठी नाटकाच्या दोन वाटा होत्या. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें. त्या परंपरेंत सूत्रधार पदें गात असे आणि पात्रें आपलीं भाषणें आयत्या वेळीं सुचतील तशीं करीत. तेथें रंग होता, पण लिहिलेला संवाद नव्हता. दुसरी वाट विद्वानांची. त्यांनीं संस्कृत व इंग्रजी नाटकांचीं भाषांतरें केलीं. तेथें लिहिलेला संवाद होता, पण तो बहुधा वाचण्याजोगा, नटाच्या जिभेवर सहज न बसणारा असे. या दोन वाटांचा संगम अण्णासाहेब किर्लोस्करांनीं घडवून आणला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास त्यांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि १८८२ सालीं 'सौभद्र' रंगभूमीवर आलें.

देवलांचा जन्म १८५५ सालीं सांगलीजवळील हरिपूर या गांवीं झाला. किर्लोस्कर बेळगांवास शिक्षक होते, तेव्हां देवल त्यांचे विद्यार्थी होते. वर्गांत जडलेलें हें गुरुशिष्याचें नातें पुढें रंगभूमीवरहि टिकलें. देवलांनीं नाटकमंडळींत नटांच्या तालमी घेतल्या, आणि हीच त्यांची दुसरी शाळा ठरली. कागदावर डौलदार दिसणारें वाक्य नटाच्या तोंडीं गेलें कीं त्याचा श्वास कोठें तुटतो, पात्र रंगभूमीवर आल्यावर तें नुसतें उभें राहतें कीं कांहीं करतें, पद लांबलें म्हणजे प्रसंग कसा थंडावतो, या गोष्टी तालीम घेणाऱ्यास रोज दिसतात. लेखनिकाच्या मेजाशीं बसून त्या कळत नाहींत.

१८८५ सालीं किर्लोस्कर निवर्तले. त्यांचें 'रामराज्यवियोग' अपुरेंच राहिलें. पुढील वर्षीं देवलांची 'दुर्गा' आली. तिचा आधार सदर्न या इंग्रज नाटककाराच्या एका शोकांतिकेचा होता. त्यानंतर शूद्रकाचें 'मृच्छकटिक', शेक्सपीअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव', बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' आणि मोलिएरच्या एका प्रहसनाची छाया घेऊन 'फाल्गुनराव' अशी मालिका झाली. वरवर पाहतां हें उसनवारीचें काम. परंतु प्रत्येक कामांत एक निराळा धडा होता. दहा अंकांच्या 'मृच्छकटिका'स हात घालणाऱ्यास काय ठेवावें व काय गाळावें याचा विचार करावाच लागतो. 'कादंबरी' हा गद्यकाव्याचा ग्रंथ. त्यांतील लांबलचक वर्णनें रंगभूमीवर आणावयाचीं तर त्यांचे प्रसंग करावे लागतात. 'झुंजाररावां'त एका संशयानें घर कसें जळतें हें दाखवावयाचें होतें, तर 'फाल्गुनरावां'त त्याच संशयावर लोकांस हंसवावयाचें होतें.

इतकी तयारी झाल्यावर १३ जानेवारी १८९९ रोजीं इंदुरास किर्लोस्कर मंडळीनें 'शारदे'चा पहिला प्रयोग केला. विषय जरठ-बालाविवाहाचा. पैशासाठीं कोवळ्या मुलीचें लग्न म्हाताऱ्याशीं लावून देणारे बाप त्या काळीं समाजांत होते, आणि त्यांवर व्याख्यानें व लेख पुष्कळ झाले होते. देवलांनीं व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं कांचनभट हा लोभी बाप, मुलीसाठीं तळमळणारी इंदिराकाकू, दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि नवरदेव होऊं पाहणारा भुजंगनाथ हीं माणसें समोर उभीं केलीं व त्यांना घरांतली भाषा दिली. भुजंगनाथाची तरुण दिसण्याची धडपड पाहून प्रेक्षक हंसतो. पण या हंसण्याची किंमत शारदेला मोजावी लागणार आहे हें ध्यानांत येतांच तेंच हंसें त्याच्या घशांत अडकतें. किर्लोस्करांच्या 'शाकुंतलां'त पदांची संख्या दोनशेंच्या आसपास होती; 'शारदें'त ती पुष्कळ कमी आहे, आणि शारदेचें दुःख तिच्या पदांतूनच श्रोत्यांच्या काळजाला भिडतें. तेथें पद हें प्रसंगाचें भूषण नसून त्या मुलीला उरलेली एकच वाचा आहे.

'फाल्गुनरावां'त पदें घालून देवलांनीं 'संशयकल्लोळ' सिद्ध केलें. तें १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जून महिन्यांत, देवलांचा अंत झाला. म्हणजे पहिल्या नाटकापासून अखेरपर्यंत तीस वर्षें त्यांचें शिकणें चालूच होतें. नव्या लेखकानें या चरित्रांतून घ्यावयाचें तें हेंच. प्रतिभा कोणी शिकवूं शकत नाहीं, हें खरें. परंतु वाक्य बोलतें करणें, वर्णनाचा प्रसंग करणें आणि पात्राच्या तोंडीं लेखकानें स्वतः न बोलणें, एवढें तरी शिकतां येतें. तें आधीं शिकून घेतलें होतें, म्हणूनच जेव्हां स्वतःचें कांहीं सांगण्याची वेळ आली, तेव्हां देवलांची शारदा मुकी राहिली नाहीं.