अतिमानव, भूमी आणि सातपुडा : एका नव्या क्रीडाप्रकाराचा ऐतिहासिक विचार

ज्या व्हिडिओ गेमला ‘ओपन वर्ल्ड’ असे म्हणतात, त्यात खेळणाऱ्यास ठरीव वाटेने जावे लागत नाही. एक संपूर्ण नगर अथवा प्रदेश त्याच्यापुढे मोकळा असतो. अशा नगरात सुपरहिरो, म्हणजे अतिमानवी सामर्थ्याचा नायक, संचार करू लागला की या प्रकारास विशेष रूप येते. त्याचा इतिहास सामान्यतः नायकांच्या नावांनी सांगितला जातो. वस्तुतः तो भूमीचा इतिहास आहे. आणि खानदेशच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व वाटावे ते याच कारणाने.

सुपरमॅन १९३८ मध्ये चित्रकथेत अवतरला. १९७९ साली अटारी कंपनीने त्याच्यावर गेम काढला. त्यातील नगर म्हणजे एकमेकांस जोडलेल्या अनेक चौकटी होत्या. परंतु नायक त्यांतून हव्या त्या दिशेने जाऊ शके. पुढील पाव शतकात बहुतेक नायक मात्र आखून दिलेल्या मार्गांवरच झुंजत राहिले. २००४ मध्ये ट्रेयार्क या अमेरिकन संस्थेने रचलेल्या ‘स्पायडर-मॅन २’ या गेमने पालट घडविला. २००० च्या ‘स्पायडर-मॅन’ गेममध्ये नायकाच्या जाळ्याचा धागा आकाशातच कोठेतरी अडके. आता तो प्रत्यक्ष इमारतीस चिकटू लागला. परिणामी, जेथे उंच इमारत नाही तेथे नायकाची गती खुंटे. सामर्थ्य केवळ नायकाच्या अंगी नसते, ते नायक आणि भूमी यांच्या संबंधात असते, हे तत्त्व येथे प्रथमच स्पष्टपणे खेळात उतरले. २०१८ मध्ये इन्सोम्नियाक या संस्थेने काढलेला ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ याच परंपरेतील होय.

महाराष्ट्रात नायक आले, भूमी आली नाही. २००४ मध्येच पवित्र प्रभाकर हा मुंबईचा स्पायडर-मॅन भारतीय चित्रकथेत प्रकटला. २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘रा.वन’ चित्रपटावर गेम केला. तथापि तो द्वंद्वाचा खेळ होता, त्यात मुंबईचा मुक्त संचार नव्हता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची नायिका पुराणकथांच्या वातावरणात वावरते, पण तिची वाट आखलेली आहे. यामागील एक कारण द्रव्याचे आहे. नगर उभारायचे म्हणजे प्रत्येक रस्ता, छप्पर, वाहन आणि वाटसरू घडवावा लागतो. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ या २०२३ च्या गेमवर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाल्याचे बाहेर फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून प्रसिद्ध झाले होते. याउलट ‘राजी’साठी २०१७ मध्ये झालेला लोकवर्गणीचा प्रयत्नदेखील अपुरा पडला होता.

उद्या साधने स्वस्त झाली आणि चोपड्याची भूमी अशा खेळात आली, तर काय घडेल? दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा, मध्ये काळ्या मातीची पट्टी, अडावदजवळ उनपदेवचे उष्ण झरे. आणि डोंगरापलीकडे, आज मध्य प्रदेशात असलेला, सेंधव्याचा घाट. या पर्वतरांगेस तिचा नायकही आहे. मुंबई-आग्रा मार्गावरील घाटाच्या राखणीची नोकरी केलेला भिल्ल नाईक खाज्या १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. त्याच वर्षी सेंधव्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्याचे बळ कोणत्याही चमत्कारात नव्हते. वाटा, पाणवठे, खिंडी आणि त्यांत राहणारे लोक यांची ओळख हेच त्याचे बळ. २००४ च्या गेममधील धाग्यास जशी इमारत हवी, तसा या नाईकास घाट हवा होता.

परंतु साम्य येथेच संपते. खेळातील नायक पडला तर पुन्हा उठतो. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईनंतर ज्या भिल्ल कैद्यांना झटपट चौकशी करून गोळ्या घातल्या गेल्या, ते उठले नाहीत. मोठ्या संख्येने भिल्ल स्त्रिया कैद झाल्या. आणि १८६० मध्ये खाज्या नाईक विश्वासघाताने मारला गेला. अशा पुरुषास अतिमानव केले तर त्याचा गौरव होतो असे वाटेल, पण प्रत्यक्षात त्याचे संकट नाहीसे होते. ज्यास मरणाचे भय नाही, त्याच्या बंडास मोलही उरत नाही.

या लढ्याची लेखी साधने बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातची आहेत. त्यांत डोंगर हा केवळ अडथळा म्हणून येतो. तोच डोंगर राहणाऱ्याच्या पायांनी चालून पाहण्याची सोय मुक्त भूमीच्या खेळात आहे, आणि साधनांतील ही उणीव त्यामुळे काही अंशी तरी भरून निघेल. तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रकारास पोरखेळ म्हणून दूर सारू नये. भूमी त्याच्याकडून घ्यावी. अतिमानवत्व मात्र घेऊ नये.