सेवापुस्तक आणि यंत्र

काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूपुढे तेथील तीर्थोपाध्याय आपली वही उघडतो. पूर्वज कोणत्या गावाहून आले, बरोबर कोण होते, हे यात्रेकरू तीत वाचतो आणि खाली आपले नाव घालतो. नोंद ज्याची, त्याच्यापुढे ती उघडावयाची, असा हा रिवाज. याच नगरीतील एका आधुनिक कारखान्याकडे पाहताना तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्याची कोनशिला २३ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. जेथे हजारो हात राबतात, तेथे त्या हातांचा हिशेबही ठेवावा लागतो. जन्मतारीख, नेमणूक, वेतनवाढ, रजा, वारसाचे नाव या साऱ्यांची नोंद सेवापुस्तकात होत असे. ते दरवर्षी कर्मचाऱ्यास दाखवून त्याची सही घ्यावी, असा सरकारी नियम होता. परंतु पुस्तक राही कार्यालयाच्या कपाटात. एका चुकीच्या तारखेने निवृत्तिवेतन अडले, म्हणजे त्या पुस्तकाचे मोल कळे.

याच दशकात भारतीय रेल्वेत आयबीएम १४०१ हे संगणक आले. पगारपत्रके त्यांवर होऊ लागली; बेरीज जलद झाली, चुका घटल्या. पण ही सोय हिशेब करणाऱ्याची होती. ज्याचा हिशेब, त्याला आपली नोंद पाहण्यास पूर्वीप्रमाणेच कारकुनाकडे जावे लागे. उलट यंत्रामुळे कारकुनाचीच नोकरी जाईल, ही भीती देशभर पसरली. या प्रश्नाचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणक बसविण्यापूर्वी त्याची गरज आणि रोजगारावरील परिणाम तपासावा, असा तिचा रोख होता. ‘यंत्र कोणासाठी?’ हा प्रश्न त्या काळी निदान उघडपणे विचारला गेला.

पुढे कारखान्याचे कामच पालटले. २०१७ पासून तेथे विजेवरची इंजिने तयार होऊ लागली आणि २०२० मध्ये त्याला ‘बनारस रेल इंजिन कारखाना’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेल्वेने कर्मचाऱ्यांच्या नोंदींची देशव्यापी संगणकीय व्यवस्था सुरू केली. भविष्यनिर्वाह निधीतून आगाऊ रक्कम मागणे, निवृत्तीचा हिशेब, स्वतःच्या माहितीत दुरुस्ती सुचविणे, ही कामे तीत आली. कपाटातील पुस्तकाची वाट कर्मचाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचली.

येथेच आस्थापना विभागाच्या धोरणाची कसोटी लागते. जुन्या पुस्तकातील चूक संगणकात गेली, तर ती अधिक वेगाने आणि अधिक अधिकाराने धावते. म्हणून नोंद प्रथम कर्मचाऱ्याबरोबर पडताळावी. ती कोणी पाहावी, कोणी सुधारावी आणि किती दिवसांत सुधारावी, हे ठरवावे. ज्याला पडद्यावरची अक्षरे परकी वाटतात, त्याच्यासाठी एक माणूस खिडकीत बसलेला असावा. एवढे ठरल्यावर यंत्र निवडावे. हा क्रम उलटला, तर कपाट तेवढे नवे होते आणि किल्ली जुन्याच हाती राहते.