ब्रुकलिनच्या माशीची कुळकथा

न्यूयॉर्कचे ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन 1910 सालचे. शंभर वर्षांत तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ येऊन गेले, माळ्यांच्या पिढ्या राबल्या, शाळांच्या सहली फुले पाहून परतल्या. त्याच बागेत 2009 साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे जॉन अ‍ॅशर यांना एक मधमाशी मिळाली. विज्ञानाच्या दप्तरी तिला नाव नव्हते. ते मिळायला 2011 साल उजाडले: लॅसिओग्लॉसम गॉथम. गॉथम हे न्यूयॉर्कचे जुने टोपणनाव. लेखक वॉशिंग्टन अर्विंग यांनी 1807 साली ते थट्टेने वापरले, आणि पुढे बॅटमनच्या कथांनी ते जगभर नेले.

पकडल्यापासून नाव मिळेपर्यंतचा उशीर दोन वर्षांचा दिसतो. त्याची मुळे मात्र एकोणिसाव्या शतकात आहेत.

ही माशी हॅलिक्टिडी कुलातली. या कुलातल्या काही माश्या उन्हाळ्यात माणसाच्या अंगावर बसून घाम चाटतात, कारण फुलांच्या मधुरसात न मिळणारे क्षार त्यांना घामातून मिळतात. म्हणून इंग्रजीत सगळ्या कुलाचेच नाव घामावरून पडले. पोळे बांधणे, मध साठवणे हे त्यांचे काम नव्हे. बहुतेकींचे घर जमिनीत असते: एक उभे बीळ, त्याला कोठड्या, प्रत्येक कोठडीत परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडे. काही प्रजातींत मादी एकटीच संसार करते, काहींत राणी आणि कामकरी माश्या असतात, तर काही दुसरीच्या बिळात घुसून आयते खातात. गॉथम ज्या उपवंशात येते त्या डायलिक्टसमध्ये हे तिन्ही प्रकार सापडतात. अंग बहुधा हिरवट-निळसर धातूच्या झाकेचे आणि आकार तिळाएवढा, त्यामुळे बघणारा तिला चिलट समजून हात झटकतो.

अमेरिकेतल्या घाममाश्यांना नावे देणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत थॉमस से होते. त्यांचे त्यावरचे लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर 1837 साली छापले गेले. पण ज्या नमुन्यांवरून त्यांनी वर्णने लिहिली तो संग्रह नीट सांभाळला गेला नाही आणि बहुतांशी नष्ट झाला. नाव उरले, पण ते नेमके कोणाचे हे पडताळायला माशी उरली नाही. मग 1853 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून फ्रेडरिक स्मिथ यांनी अमेरिकेतून आलेल्या माश्यांची वर्णने लिहिली. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावी चार्ल्स रॉबर्टसन यांनी वर्षानुवर्षे फुलांवर बसणारे कीटक गोळा केले आणि 1902 साली डायलिक्टस हे नाव काढले. थिओडोर कॉकरेल यांनी तर जगभरातल्या मधमाश्यांना हजारोंनी नावे दिली.

प्रत्येकाने आपापल्या परीने काम केले, आणि त्यातूनच गुंता वाढला. जुनी वर्णने चार-सहा ओळींची: रंग असा, लांबी इतकी, पाय काळे. नर आणि मादी दिसायला इतके वेगळे की एकाच प्रजातीला दोन नावे पडत. राणी आणि कामकरी यांच्या आकारात फरक, तोही गोंधळात भर घाली. मूळ नमुने विखुरले होते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर. परिणामी नावे भाराभर झाली, आणि हातातली माशी त्यांपैकी कोणती हे सांगणे मात्र अवघडच राहिले. थिओडोर मिचेल यांनी पूर्व अमेरिकेच्या मधमाश्यांवर 1960 पासून दोन खंडांचा ग्रंथ काढला. तरीही या उपवंशापाशी आल्यावर भलेभले अडत.

हा गुंता सोडवायला बसले कॅनडाचे जेसन गिब्ज. आधी कॅनडातल्या, मग कॉर्नेल विद्यापीठात असताना पूर्व अमेरिकेतल्या डायलिक्टस माश्या त्यांनी नव्याने तपासल्या. एकीकडे जुन्या नावांचे मूळ नमुने शोधून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, दुसरीकडे ताज्या माश्यांचा डीएनए काढायचा. कॅनडातल्याच गेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये सुचवलेली बारकोड पद्धत इथे कामी आली. माशीचा एक पाय घेतला तरी पुरतो. त्यातल्या ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला की सारख्या दिसणाऱ्या दोन माश्या वेगळ्या आहेत का, याचा सुगावा लागतो. पण सुगावा म्हणजे निकाल नव्हे. पुन्हा डोळ्यांनीच बघावे लागते: पाठीवरचे सूक्ष्म खळगे किती दाट आहेत, डोक्याची लांबी-रुंदी कशी आहे, पोटाच्या सुरुवातीला असलेला केसांचा पंखा अखंड आहे की मधे फाटलेला. या केसांशी गोचिडीच्या जातकुळीतल्या बारीक किडींचा संबंध आहे. त्या तिथे बसून माशीबरोबर प्रवास करतात.

बारकोड आणि केसांचा पंखा जुळले, तरी नाव लागू व्हायला कायद्याची बाजू उरतेच. प्राण्यांच्या नामकरणाची गणती लिनियस यांच्या ग्रंथापासून, म्हणजे 1758 पासून धरतात. आजच्या नियमांप्रमाणे नवी प्रजाती इतरांपासून कशात वेगळी हे छापून सांगावे लागते, आणि 1999 नंतर नाव कोणत्या नमुन्यावर टेकले आहे तेही स्पष्ट जाहीर करावे लागते. एकाच निवडलेल्या माशीला हा मान मिळाला की ती होलोटाइप. ती संग्रहालयात ठेवायची, म्हणजे पुढे कोणी शंका घेतली तर थॉमस से यांच्या माश्यांसारखी अडचण येऊ नये.

गिब्ज यांचा दोनशेहून अधिक पानांचा प्रबंध 2011 मध्ये झूटॅक्सा या नियतकालिकात आला. त्यात 11 नव्या प्रजाती होत्या, त्यांतली एक ही गॉथम. एका प्रजातीला अ‍ॅशर यांचे नाव मिळाले, एकीला कॉर्नेलचे दिवंगत कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज आइकवर्ट यांचे. वर्तमानपत्रांनी अर्थातच बॅटमनची माशी उचलली. पण त्याच प्रबंधात अनेक जुनी नावे एकमेकांची दुबार ठरवून रद्दही केलेली आहेत, आणि ओळख पटवण्याच्या किल्ल्या दिलेल्या आहेत. गल्लोगल्ली मधमाश्यांची पाहणी करणारे साबणाच्या पाण्याच्या रंगीत वाट्या ठेवतात. त्यांत सगळ्यात जास्त पडतात त्या याच बारीक माश्या, आणि पूर्वी त्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘लॅसिओग्लॉसम, प्रजाती अज्ञात’ असे लिहून डबा बंद होई. असे शेकडो नमुने एकाच चिठ्ठीखाली गेले, तर कोणती माशी टिकून आहे आणि कोणती कमी होते आहे, हे पाहणीतून निघणारच नाही. एखादी नाहीशी झाली असे म्हणायचे तर ती आधी होती, हे नावानिशी लिहिलेले असावे लागते. ब्रुकलिनच्या माशीपुरती तरी ती नोंद आता झाली आहे.