शाळेसाठी आरक्षित भूखंड

शाळेसाठी आरक्षित भूखंड म्हणजे शहराच्या विकास योजनेत किंवा नव्या वसाहतीच्या अभिन्यासात शैक्षणिक वापरासाठी राखून ठेवलेली जमीन होय. घरे उभी राहिल्यानंतर वस्तीत मोकळी जागा मिळणे दुरापास्त होते आणि तिची किंमतही वाढते. म्हणून शाळा व क्रीडांगण यांची जागा नियोजनाच्या टप्प्यावरच निश्चित केली जाते. महाराष्ट्रात अशा आरक्षणाचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ हा आहे.

पार्श्वभूमी
वस्तीच्या रचनेत शाळेला केंद्रस्थान देण्याचा विचार अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या 'शेजार-घटक' संकल्पनेत ठळकपणे आढळतो. प्राथमिक शाळा वस्तीच्या मध्यभागी असावी, घरापासून ती सुमारे पाव मैलाच्या अंतरावर असावी आणि मुलांना मोठा रहदारीचा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी त्यांची मांडणी होती. भारतात चंडीगडच्या रचनेत या विचाराशी साम्य दिसते. तेथील साधारण ८०० मीटर × १२०० मीटर आकाराच्या सेक्टरमधून जाणाऱ्या हरित पट्ट्यांत शाळांना जागा देण्यात आली. महाराष्ट्रात १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची आखणी करताना सेक्टरनिहाय रचना स्वीकारली.

गरजेचा अंदाज
किती जागा राखावी, हे अपेक्षित लोकसंख्येवरून ठरवले जाते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा व तिच्यासाठी ०.४० हेक्टर जमीन धरली जाते. या हिशेबाने ५०,००० लोकवस्तीच्या वसाहतीस दहा प्राथमिक शाळा व एकूण ४ हेक्टर जमीन लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार परिसरात शाळा उपलब्ध करून देणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. याच कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगणाचा समावेश असल्याने केवळ इमारतीपुरती जागा पुरेशी ठरत नाही.

आरक्षणाची प्रक्रिया
नियोजन प्राधिकरण प्रथम विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करते. त्यानंतर प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. सुनावणीनंतर योजना शासनाच्या मंजुरीसाठी जाते. प्रस्तावित शाळेची जागा गैरसोयीची असल्यास किंवा आरक्षण वगळले गेले असल्यास रहिवाशांना हरकत नोंदवण्याची संधी याच टप्प्यावर मिळते. मंजुरीनंतर बदल करावयाचा झाल्यास कलम ३७ खालील स्वतंत्र फेरबदल प्रक्रिया करावी लागते.

जमीन ताब्यात घेणे
आरक्षण झाले म्हणजे जमीन प्राधिकरणाच्या मालकीची होत नाही. कलम १२६ नुसार ती परस्पर संमतीने मोबदला देऊन, चटई क्षेत्र निर्देशांक अथवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने मोबदला देऊन किंवा भूसंपादनाने मिळवता येते. समावेशक आरक्षणाच्या तरतुदीखाली जमीनमालक ठरलेली सुविधा बांधून प्राधिकरणाकडे सोपवतो आणि उरलेली जमीन स्वतः विकसित करतो.

आरक्षण व्यपगत होणे
अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास कलम १२७ नुसार मालक प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून विहित मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि लगतच्या जमिनीस अनुज्ञेय असलेला वापर मालकास करता येतो. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २००९ च्या दुरुस्तीने ती बारा व २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असा निर्णय दिला की, केवळ ठराव करणे किंवा प्रस्ताव पाठवणे म्हणजे संपादनाची पावले उचलणे नव्हे.

महत्त्व व मर्यादा
या तरतुदींमध्ये दोन न्याय्य हितांचा तोल साधलेला आहे. मालकाची जमीन मोबदल्याविना अनिश्चित काळ अडकून पडू नये, हे एक हित. आणि वस्तीतील मुलांना चालत जाता येईल अशी शाळा मिळावी, हे दुसरे. निधीअभावी किंवा दिरंगाईमुळे संपादन रखडल्यास तोल ढळतो. आरक्षण संपून त्या जागी इमारत उभी राहिली की तेवढी जागा दाट वस्तीत पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्याची झळ लांबच्या शाळेत जावे लागणाऱ्या मुलांना, विशेषतः वाहनखर्च न परवडणाऱ्या कुटुंबांतील मुलांना बसते. त्यामुळे नकाशावरील आरक्षणाचे यश प्रत्यक्ष ताबा, बांधकाम व शाळा सुरू होणे या तिन्ही गोष्टी वेळेत घडण्यावर अवलंबून असते.